उडत्या विमानातील धागा

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी खासगी जेट विमानांच्या देखभालीच्या व्यवसायात आहे. गेल्या दिवाळीत तो फराळाला आला असता बोलण्याच्या ओघात म्हणाला, "सर, हल्लीचे प्रवासी इंजिनाविषयी काही विचारीत नाहीत. इंटरनेट चालेल ना, एवढेच विचारतात." आम्ही आयुष्यभर मराठी शिकविली, यंत्रविद्येत आम्हांस गती नाही. परंतु या एका वाक्याने आमचे कुतूहल चाळविले आणि पुढील दोन तास तो शिक्षक झाला व आम्ही विद्यार्थी झालो. त्या शिकवणीचे सार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आकाशातील विमानाशी इंटरनेटचा धागा जोडण्याचे मार्ग दोन. पहिला जमिनीवरून जाणारा. आपल्या गावातील मोबाइलचे मनोरे आपल्या लहरी खाली, माणसांकडे सोडतात. विमानासाठी उभारलेले मनोरे त्या वर आकाशाकडे सोडतात. अमेरिकेत २००८ साली एअरसेल या कंपनीने (पुढे तिचेच नाव गोगो झाले) प्रवासी विमानांत अशी सेवा सुरू केली. यंत्रसामग्री आटोपशीर असल्याने छोट्या जेट विमानांनाही हा मार्ग सोयीचा ठरला. परंतु जेथे मनोरा नाही तेथे सेवा नाही. विमान महासागरावर गेले की धागा तुटलाच.

दुसरा मार्ग उपग्रहाचा. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. अशा उपग्रहांकरवी साऱ्या जगाशी संदेशवहन साधेल, हा विचार आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच मांडला होता. अडचण अंतराची आहे. विमानातून निघालेला प्रश्न उपग्रहापर्यंत चढून जमिनीवर उतरतो व उत्तर त्याच वाटेने परतते. हा सारा प्रवास दीड लाख किलोमीटरांच्या आसपास जातो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. पत्र वाचण्यास हा विलंब जाणवत नाही. समोरासमोर संभाषण करताना मात्र दोघेही एकदमच बोलू लागतात व दोघेही एकदमच थांबतात. शिवाय ताशी आठ-नऊशे किलोमीटर वेगाने धावताना, वळताना, उपग्रहावर नेम धरून ठेवणारी फिरती अँटेना लागते. ती बहुधा शेपटीच्या टोकाशी बसवितात. लहान जेटच्या शेपटीत तेवढी जागाच नसते.

या क्षेत्रात मोठ्यांनीही ठेच खाल्ली आहे. बोइंग कंपनीने 'कनेक्शन' नावाची उपग्रह-सेवा २००४ साली प्रवासी विमानांत आणली आणि पुरेसे ग्राहक न मिळाल्याने २००६ साली गुंडाळली. सेवा बंद झाली की विमानावर बसविलेले साहित्य निव्वळ ओझे होते. आजही विमानमालकाच्या मनात हीच भीती असते.

आता चित्र पालटत आहे ते खालच्या कक्षांतील उपग्रहांमुळे. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर, तर वनवेबचे सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. अंतर घटले तसा विलंबही सेकंदाच्या अल्पांशावर आला. मात्र हे उपग्रह स्थिर नसतात. काही मिनिटांतच एक मावळतो व दुसरा उगवतो. म्हणून हजारोंचा किंवा शेकड्यांचा ताफा लागतो आणि क्षणात एकावरून दुसऱ्यावर नजर वळविणारी अँटेना लागते. ही नवी अँटेना पाटासारखी सपाट असून तिच्यात फिरणारा भाग नसतो. ती लहरींची दिशा विजेच्या साहाय्याने बदलते. स्टारलिंकने २०२२ साली विमानांसाठी सेवा जाहीर केली. गोगोनेही वनवेबच्या उपग्रहांचा आश्रय घेऊन लहान जेटच्या पाठीवर मावेल अशी अँटेना काढली.

तरीही अँटेना बसविली म्हणजे काम संपले, असे नाही. विमानाच्या प्रत्येक नमुन्यासाठी हवाई वाहतूक नियामकाची स्वतंत्र मान्यता लागते. पाठीला भोके पाडावी लागतात, म्हणून हे काम ठरलेल्या मोठ्या देखभालीच्या वेळीच उरकणे शहाणपणाचे. आत बसलेल्यांचे फोन छायाचित्रे परस्पर साठवीत व आपली प्रणाली परस्पर अद्ययावत करीत बसतात. मोजून विकत घेतलेला साठा त्यातच संपतो आणि दोष अँटेनेला जातो. वैमानिकांच्या व प्रवाशांच्या वापराचे मार्ग निराळे ठेवावे लागतात. आणि मुख्य म्हणजे, वाटेत कोठे सेवा नसेल हे उड्डाणापूर्वीच प्रवाशास सांगावे. आमचा विद्यार्थी म्हणाला, "निम्म्या तक्रारी यंत्राच्या नसतात सर, न सांगितल्याच्या असतात."

आपल्या देशात यासंबंधीचे नियम २०१८ साली आले. भारतीय हद्दीत ३,००० मीटरांहून अधिक उंचीवरच ही सेवा वापरता येते. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने काही देशांतर्गत उड्डाणांतही ती दिली.

श्रीमंतांच्या या सोयीचे आपणांस काय, असे वाचक विचारतील. आम्हीही विचारले. तो म्हणाला, याच जेट विमानांत आसने काढून रुग्णशय्या बसवितात. रुग्णाच्या हृदयाचा आलेख वाटेतूनच पुढील इस्पितळाला मिळाला, तर विमान उतरण्यापूर्वी तेथे तयारी होते. उद्योगपतीची सभा मध्येच तुटली तर त्याची चिडचिड होते. येथे धागा तुटला तर जीव टांगणीला लागतो.

"समज, एकाच दिवशी दोन्ही विमाने तुझ्याकडे आली," आम्ही विचारले, "तर आधी हात कशाला लावशील?"

"रुग्णाच्या. उद्योगपतींना सांगतो तसे. बहुतेक जण ऐकतात."

शाळेत गणितात हा मुलगा जेमतेम उत्तीर्ण होई. या प्रश्नाला मात्र आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.