दर आणि अटी: फ्रीलान्सरचा खरा आधार

नोकरी सोडून भाषांतर, ग्राफिक डिझाइन, संपादन किंवा छायाचित्रणाची कामं स्वतंत्रपणे घेऊ पाहणाऱ्याला सल्ले मिळतात ते बहुतेक काम मिळवण्याचे: कौशल्य वाढवा, ओळखी वाढवा, समाजमाध्यमांवर दिसत राहा. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. हातात काम असूनही महिनाअखेरीला घरभाड्याची चिंता करणारी माणसं या क्षेत्रात कमी नाहीत. त्यांचं काम चांगलं असतं, गिऱ्हाइकंही खूश असतात. अडतं ते दोन ठिकाणी. दर अंदाजाने ठरवलेला असतो आणि पैसे कधी, किती टप्प्यांत मिळणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. फ्रीलान्सिंगमध्ये टिकणं हे कौशल्याइतकंच, किंबहुना सुरुवातीच्या वर्षांत त्याहून अधिक, या दोन गोष्टींवर अवलंबून असतं, असं माझं मत आहे.

आधी दराचं पाहू. महिना ५०,००० रुपये पगार असलेला माणूस २५ कामाच्या दिवसांनी भागतो आणि रोजचे २,००० सुटले की झालं, असं धरून चालतो. पण वर्षाच्या ३६५ दिवसांतून रविवार, सणवार, आजारपण आणि घरची कार्यं वजा केली की २८० च्या आसपास दिवस उरतात. त्यातला तिसरा हिस्सा नवी कामं शोधण्यात, कोटेशन देण्यात, बिलं करण्यात, पैशांसाठी फोन करण्यात आणि नवं शिकण्यात जातो. ज्यांचे पैसे लावता येतात असे दिवस उरले साधारण १९०. दुसऱ्या बाजूला, घरासाठीचे ६ लाख तर हवेतच. शिवाय लॅपटॉप, सॉफ्टवेअर, आरोग्य विमा आणि पूर्वी मालक भरत असलेला भविष्य निर्वाह निधीचा वाटा यांसाठी दीड लाख धरा. साडेसात लाखांना १९० ने भागलं की दिवसाचे जवळपास ४,००० होतात, म्हणजे डोक्यातल्या आकड्याच्या दुप्पट. आयकर आणि महाराष्ट्रात स्वतःच्या नावाने भरायचा वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर यात धरलेलाच नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, नवख्याला एवढा दर देणार कोण? प्रश्न रास्त आहे. सुरुवातीला पैशांत थोडं खाली यावंच लागतं. पण खाली येताना दर न कापता काम कापावं. गिऱ्हाइकाकडे १०० पानांच्या संपादनाचे पैसे नसतील तर ६० पानं करून द्यावीत, किंवा एकदाच तपासून द्यावीत. एकदा निम्म्या दराने काम केलं की पुढच्या वेळी तोच दर गृहीत धरला जातो आणि तिथून वर चढायला वर्षं जातात.

दुसरी गोष्ट अटींची. त्यासाठी वकिली करारनामा लागतो असं नाही. एक ईमेल पुरतं: ‘काम: १२० पानांचं भाषांतर. एकूण रक्कम अमुक, निम्मी सुरुवातीला, उरलेली काम दिल्यापासून १५ दिवसांत. दुरुस्त्या दोनदा, त्यापुढे वेगळे पैसे. कृपया मान्य असल्याचं कळवा.’ यातला दुरुस्त्यांचा भाग डिझायनर मंडळींनी विशेष लक्षात ठेवावा, कारण सातव्यांदा बदललेला लोगो फुकटच बदललेला असतो. हक्कांचंही तसंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतर लेखी असावं लागतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असं मानलं जातं. मुखपृष्ठाचं चित्र देताना हे ठाऊक असलेला चित्रकार वेगळ्या तयारीने बोलतो.

‘आपल्याकडे कामं ओळखीतून मिळतात, तिथे अटी घातल्या तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं,’ असंही म्हटलं जातं. मला उलट वाटतं. संबंध बिघडतात ते न ठरवलेल्या गोष्टींवरून. आधी बोलून घेतलेल्या रकमेवरून सहसा कुणी रुसत नाही.

पैसे अडकलेच तर गिऱ्हाइकाशी कोर्टात भांडायला कुणाला जमणार, हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. पण इथे कायदा पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा बराच उपयोगी आहे. फ्रीलान्सर सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर आयकरातही तरतूद आली: ही मुदत टळली तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावट म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की कंपनीच्या लेखा विभागालाच घाई असते आणि भांडायची वेळ सहसा येत नाही. मात्र वाद झाल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांना हा लाभ मिळेल असं धरून चालू नका. ती काम घेण्याआधीच करा. सरकारी संकेतस्थळावर ही नोंदणी आधार आणि पॅनच्या आधारे पूर्णपणे मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नका.