अल्गोस: दुखणे शरीराचे की मनाचे?

हैदराबादच्या मलकपेठेतल्या एखाद्या दवाखान्याच्या कागदावर ‘मायाल्जिया’ किंवा ‘न्युराल्जिया’ असे निदान लिहिलेले असले, तर त्यातले ‘अल्जिया’ हे ‘अल्गोस’ या ग्रीक शब्दावरून आलेले असते. त्यामुळे अल्गोस म्हणजे निव्वळ शारीरिक वेदना, असा समज रूढ झाला आहे. तो अपुरा आहे. अकिलीसच्या क्रोधापायी ग्रीकांवर ओढवलेल्या हालअपेष्टांसाठी होमर इलियडच्या आरंभी हाच शब्द योजतो, आणि ओडिसियसने समुद्रावर मनातल्या मनात सोसलेल्या दुःखांसाठी ओडिसीच्या आरंभीही. हेसिऑडने कलहदेवता एरिसच्या अपत्यांत या वेदनांची गणना केली, तीही अश्रूंनी भरलेल्या वेदना म्हणून. आजारांच्या नावांत उरला तो या व्यापक अर्थाचा एक भाग.

दुसरा गैरसमज ‘नॉस्टॅल्जिया’विषयी. हा प्राचीन ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ गोड आठवणी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये बाझेल येथील प्रबंधात तो घडवला: ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे, आणि अल्गोस. त्याच्या लेखी हा आजार होता. घराच्या ओढीने अंथरुणाला खिळलेला बर्नचा एक विद्यार्थी परतीच्या वाटेला लागताच सुधारू लागला, असे त्याने नोंदवले आहे.

मन आणि शरीर यांची ही सरमिसळ फक्त ग्रीकांची, असेही नाही. मोहरमच्या दहाव्या दिवशी दबीरपुऱ्यातून हत्तीवरून निघणारी ‘बीबी का आलम’ या पवित्र ध्वजाची मिरवणूक मलकपेठेला लागून असलेल्या चादरघाटाशी पोचते. बाहेरचे लोक मोहरमला सरसकट सण म्हणतात. शिया भाविकांसाठी मात्र तो इ.स. 680 मधल्या करबलेच्या लढाईतल्या हुतात्म्यांचा शोक आहे. नौह्याच्या, म्हणजे शोकगीताच्या, तालावर छातीवर पडणारा हात तो शोक शरीरातून व्यक्त करतो. आपणही ‘गुडघा दुखतो’ आणि ‘मन दुखावले’ हे एकाच धातूने बोलतो.

यावर रास्त आक्षेप असा, की जुन्या भाषेतल्या अर्थछटांनी आजच्या वैद्यकाला काय फरक पडतो? उलट, वेदनेत मन आणले तर ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाला घरी पाठवायला निमित्तच मिळेल. शब्दाची व्युत्पत्ती हा वैद्यकीय पुरावा नव्हे, हे मान्यच. परंतु आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेनेही 1979 च्या व्याख्येत वेदनेला संवेदना आणि भावना या दोन्हींचा अप्रिय अनुभव म्हटले. 2020 च्या सुधारित व्याख्येत तो गाभा कायम राहिला, आणि रुग्णाने ‘मला दुखते’ म्हटले तर त्या सांगण्याचा मान राखावा, हे सोबतच्या टिपांत स्पष्ट नमूद झाले. म्हणजे मनाचा वाटा मान्य केल्याने वेदना खोटी ठरत नाही. एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे खरे असू शकते. म्हणून डॉक्टरांनी आणि घरच्यांनीही ‘कुठे दुखते’ याबरोबर ‘काय सोसता आहात’ हेही विचारले पाहिजे.