मुक्काम बाजारतळाशी

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं पोटात घेऊन फिरणारी ही गाडी उभी कुठे करायची, असं विचारलं की बहुतेकांना धरणाचा काठ किंवा डोंगराची कूस आठवते. परभणी जिल्ह्यात तर बोट आपसूक येलदरीच्या जलाशयाकडे जाईल. एका रात्रीच्या हौसेला ते ठीक आहे. पण आठ-दहा दिवस प्रवास करणाऱ्या कुटुंबाला बाजारापासून चालत जाता येईल अशी जागाच उपयोगी पडते. दूध, भाजी, औषध, पिण्याच्या पाण्याचा जार यांची गरज रोजचीच. प्रत्येक वेळी छत्री, खुर्च्या आवरून, भांडी बांधून गाडी हलवायची आणि हातगाड्या-ऑटोंच्या गर्दीत, अरुंद गल्लीत ती घालायची, हा मोठाच व्याप. शिवाय मे महिन्यात इथला पारा ४२ अंशांच्या वर जातो. दोन पिशव्या घेऊन अर्धा किलोमीटर, म्हणजे सहा-सात मिनिटं, चालणं जमतं; दोन किलोमीटर चालवत नाही.

ही गरज आपल्याला नवी नाही. औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही दोन ज्योतिर्लिंगं परभणीच्या दोन अंगांना आहेत; औंढा तर १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात होतं. अशा क्षेत्रांच्या वाटेवर यात्रा कंपन्यांच्या बसेस आचारी, गॅस आणि शिधा घेऊन फिरतात आणि किराणा-भाजी हाताशी मिळेल असं मैदान बघून चूल मांडतात. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड मार्गे जाते, तिचेही मुक्काम वस्तीच्या आधाराने ठरतात. फ्रान्स आणि जर्मनीत कितीतरी छोट्या गावांनी वस्तीजवळच अशा गाड्यांचे तळ केले आहेत, कारण तिथे उतरलेला प्रवासी गावातच पाव घेतो आणि गावातच जेवतो.

आपल्याकडे त्यासाठी नवी जमीन शोधायचीही गरज नाही. आठवडी बाजाराची जागा बाजाराचा दिवस सोडला तर बहुतेक मोकळीच असते, आणि दुकानं तिच्या आसपासच असतात. बाजाराच्या दिवशी काय, हा पहिला आक्षेप. त्याचं उत्तर सोपं आहे: त्या दिवशी तळ बंद, आणि तसा फलक लावायचा. दुसरा आक्षेप गोंगाटाचा. तो खराच आहे. पण रात्री बाजार उठल्यावर उरणारी वर्दळ एकट्या बाईमाणसाला आणि म्हाताऱ्यांना निर्मनुष्य काठापेक्षा जास्त धीर देते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: गाडीतलं सांडपाणी आणि मैला जाणार कुठे? ते गटारात सोडलं तर गाव दुसऱ्यांदा कोणाला उभं करणार नाही, आणि करूही नये. मैला टाकायला बंदिस्त टाकी, एक नळ, एक दिवा आणि माफक शुल्क एवढं केल्याशिवाय तळ सुरूच करू नये. शेवटचा प्रश्न, परभणीला येणार कोण? गंगाखेडला जनाबाईंचं गाव म्हणून, चारठाण्याला जुन्या मंदिरांसाठी, जिंतूरजवळ नेमगिरीच्या जैन लेण्यांसाठी लोक येतातच. राहायची सोय नीट नसेल तर ते दर्शन घेऊन पुढे निघतात, आणि त्यांचा संध्याकाळचा खर्च दुसऱ्या गावाला मिळतो.

असे तळ होईपर्यंत प्रवाशाने जागा स्वतःच पारखायची आहे. नकाशावर आधी एसटी स्टँड शोधावं. बाजारपेठ सहसा त्याच्या आसपास असते. उजेड असतानाच पोचावं, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारून परवानगी घ्यावी आणि वर लोंबणाऱ्या तारा बघाव्यात. पावसाळ्यात तर जमीन आधी तपासावी: इथली काळी माती भिजली की चाक रुततं, म्हणून मुरमाचीच जागा धरावी. नगरपालिकांनी निदान आपापल्या एका बाजारतळावर एवढी सोय करून पाहावी. खर्च फार नाही आणि फायदा थेट गावच्या दुकानदाराला आहे.