पेट स्कॅनचं औषध थांबत का नाही?

आमच्या गटातल्या एक ताई पेट स्कॅनसाठी पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघाल्या. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. पण भिगवणला गाडी थांबली आणि सवयीनं त्यांनी साखरेचा चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. सेंटरवर त्यांनी ते खरं खरं सांगितलं आणि तपासणी पुढं ढकलली गेली. “एका चहानं एवढं काय होतं?” असं त्यांनी आम्हाला विचारलं. आज त्याविषयीच बोलू.

या तपासणीआधी शिरेतून जे औषध देतात, ती एक प्रकारची साखरच असते. तिला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखरेला हावरट असतात. त्या ही साखर जास्त ओढून घेतात, आणि अणूमुळं निघणारे किरण टिपून यंत्र ती जागा दाखवतं. पोटात गोड चहा गेला की इन्सुलिन वाढतं, औषध स्नायूंकडं वळतं आणि चित्र नीट येत नाही.

हा अणू खाणीत मिळत नाही, बनवावा लागतो. ते यंत्र म्हणजे सायक्लोट्रॉन. मोठ्या चुंबकात प्रोटॉन नावाचे सूक्ष्म कण गोल गोल फिरवतात. विजेचे धक्के देऊन त्यांचा वेग वाढवतात आणि खास जड ऑक्सिजन असलेल्या पाण्यावर आदळवतात. त्या ऑक्सिजनचं फ्लोरीन-१८ होतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

आपली कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. हे औषध तसं नाही. दर ११० मिनिटांनी ते निम्मं होतं. मुंबईहून सोलापूरला यायला सात-साडेसात तास धरले, तर निघताना असलेल्या सोळा वाट्यांतला जेमतेम एक वाटा इथं पोचेल. म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. तुमच्या वेळेचा हिशेब करूनच मागवलेलं असतं. आपण उशिरा गेलो किंवा खाऊन गेलो, तर ते वाया जातं.

हाच गुण आपल्या सोयीचाही आहे. एका दिवसात अंगातलं औषध जवळजवळ संपून जातं.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. सांगितलेले तास काही खाऊ नका. साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर गोळी-इन्सुलिनचं आधीच विचारा, मनानं बंद करू नका. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर न लाजता आधी सांगा. तपासणीनंतर भरपूर पाणी प्या, आणि सेंटरवर सांगतील तेवढा वेळ लहान लेकरांना मांडीवर घेऊ नका.

त्या ताई दुसऱ्या खेपेला भिगवणला गाडीतून उतरल्याच नाहीत. तपासणी नीट झाली.