टोचलेल्या जनावराला खुरकूत का येते?



खुरकुतीची साथ आली की गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. "साहेब, लस टोचून घेतली होती, तरी बैल लागलाच. मग टोचून उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. ऐन पेरणीत बैल लंगडा झाला, गाईचं दूध आटलं, की नुकसान ज्याचं त्यालाच कळतं. म्हणून नुसतं "टोचून घ्या" सांगून भागणार नाही. लस अंगात गेल्यावर काय काम करते, ते आज जरा नीट पाहू.

कुणी लाळ्या म्हणतं, कुणी खुरकूत, कुणी तोंडखुरी-पायखुरी. रोग एकच, आणि तो विषाणूमुळे होतो. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा बारीक जीव. त्याला स्वतःचं घर नाही. जनावराच्या शरीरातल्या पेशीत शिरायचं, तिथेच आपली पिलावळ वाढवायची, पेशी फोडून बाहेर पडायचं आणि शेजारच्या पेशी धरायच्या, हा त्याचा धंदा. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात ते यामुळेच.

पेशीत शिरण्यापूर्वी विषाणूला तिला चिकटावं लागतं. गोचीड जशी आधी कातडीला तोंड रोवते, तसं. आता त्या गोचिडीचं तोंडच कुणी मेणानं लिंपून टाकलं तर ती चावणार कशी? शरीर नेमकं हेच करतं. रक्तात एक प्रकारचे कण तयार होतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ही प्रतिपिंडे विषाणूच्या अंगाला जाऊन चिकटतात, त्याची चिकटण्याची जागाच झाकून टाकतात. शिवाय प्रतिपिंडे लागलेला विषाणू खूण केल्यासारखा होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती खूण ओळखून त्याला गिळून टाकतात.

मात्र एकदा विषाणू पेशीच्या आत गेला, की प्रतिपिंडांचा हात तिथं पोचत नाही. मग ती बिघडलेली पेशीच मारून टाकणाऱ्या दुसऱ्या पेशींना कामाला लागावं लागतं. म्हणजे प्रतिपिंडे रोग येण्याआधी अंगात हजर हवीत. साथ दारात आल्यावर धावपळ करून भागत नाही.

आता मूळ तक्रारीकडे वळू. खुरकुतीच्या लशीत मारलेला विषाणू असतो. तो रोग करू शकत नाही, पण शरीर त्याला ओळखतं आणि प्रतिपिंडे बनवायला लागतं. याला वेळ लागतो. पहिल्यांदाच टोचलेल्या जनावरात पुरेशी ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. उलट रोगाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस पुरतात. शेजारच्या गोठ्यात लाळ गळायला लागली आणि मग आपण डॉक्टरांना बोलावलं, तर आपल्या जनावरात रोग आधीच शिरलेला असू शकतो. टोचल्यानंतर चौथ्या दिवशी बैल लागला, तर तो लशीमुळे लागलेला नसतो.

दुसरं कारण बूस्टर चुकवण्याचं. प्रतिपिंडे ही पिकासारखी आहेत. येतात आणि काही महिन्यांनी सरतात. पण शरीर थोडं बियाणं राखून ठेवतं. विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी मागे राहतात. महिन्याभरानं दुसऱ्यांदा टोचलं की हे राखलेलं बियाणं झटकन उगवतं, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडे, तीही थोड्या दिवसांत, तयार होतात. म्हणून वासराला चौथ्या महिन्यात पहिली लस, एक महिन्यानं बूस्टर आणि पुढे दर सहा महिन्यांनी एकदा, असा क्रम आहे. पहिली टोचली आणि बूस्टर राहिली, तर कच्चं काम झालं.

तिसरी अडचण या रोगाच्या जातींची. प्रतिपिंडे फार नेमकी असतात. एका विषाणूसाठी झालेली दुसऱ्याला चालत नाहीत. आपल्या देशात खुरकुतीच्या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार आढळतात. एक येऊन गेला म्हणून दुसऱ्यापासून जनावर सुटलं, असं होत नाही. आपली लस या तिन्ही प्रकारांवर बनवलेली असते. जुन्या मंडळींना बुळकांडी आठवत असेल, गोठेच्या गोठे रिकामे करणारी. तिच्या विषाणूचा लशीच्या दृष्टीनं एकच प्रकार होता आणि एकदा टोचलं की बहुधा जन्मभर पुरत असे. त्यामुळे ती हटवता आली. भारतात १९९५ नंतर बुळकांडी दिसली नाही आणि २०११ साली ती साऱ्या जगातून गेल्याचं जाहीर झालं. खुरकूत तेवढी भोळी नाही. म्हणून तर २०१९ मध्ये देशभर फुकट लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तिच्यात सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्या ठेवल्या. गावातली निम्मी जनावरं टोचली आणि निम्मी लपवली, तर विषाणूला फिरायला रान मोकळंच राहतं.

लस बर्फाच्या पेटीतच हवी, २ ते ८ अंश सेल्सियसला. उन्हात तापलेली वाया जाते आणि गोठलेलीही वाया जाते. डॉक्टरांना पेटी दाखवा म्हणायला संकोच करू नका. टोचल्यावर एखाद-दोन दिवस दूध थोडं कमी येईल, मानेवर गाठ येईल. खुरकुतीनं होणाऱ्या नुकसानीपुढे ते काहीच नाही. बरा झालेला बैलसुद्धा पुढे उन्हात धापा टाकतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

वासराला चौथ्या महिन्यापर्यंत का थांबायचं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर चिकात आहे. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे पोटातच मिळतात. गाई-म्हशीच्या वासराला मात्र वारेतून ती मिळत नाहीत. ते रिकाम्या हातानं जन्माला येतं. जे काही मिळायचं ते चिकातून. आईची सगळी कमाई, लशीनं तयार झालेल्या प्रतिपिंडांसकट, त्या घट्ट पिवळ्या चिकात उतरते. आईकडून आलेली ही प्रतिपिंडे वासराच्या अंगात असेपर्यंत लशीतला विषाणूही झाकून टाकतात आणि लस वाया जाते. म्हणून तेवढी वाट पाहायची.

पण चीक केव्हा पाजता, यावर सगळं आहे. वासराच्या आतड्यातून प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात जाण्याची वाट फक्त पहिला दिवसभर उघडी असते आणि तीही तासातासानं बंद होत जाते. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत वासराच्या जिवावर उठते. वार पडो न पडो, व्यायल्यापासून तासाभरात चीक पाजाच. पहिल्या दिवसात वजनाच्या दहावा भाग, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत गेला तर उत्तम.

खरवस आम्हालाही आवडतो, आणि आळीत वाटी पाठवायची रीतही चांगली आहे. पण पहिल्या धारेचा चीक वासराचा. उरेल त्याचा, किंवा दुसऱ्या दिवसापासूनचा खरवस करावा.

एखादी गाय व्याल्याबरोबर मेली किंवा तिला चीकच नसेल, तर त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक पाजावा. गावात कुणाकडे बर्फाचं कपाट असेल तर जादा चीक स्वच्छ बाटलीत भरून गोठवून ठेवता येतो. पाजायच्या वेळी बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवा. चुलीवर ठेवू नका. चीक उकळला की प्रतिपिंडे नासतात आणि वासराच्या पोटात नुसतं दूध जातं.