कोपनहेगनची वंशावळ

कोपनहेगनचं प्राणिसंग्रहालय १८५९ सालचं. पण जगभर त्याचा बोभाटा झाला तो ९ फेब्रुवारी २०१४च्या रविवारी. त्या सकाळी मारियस नावाच्या दीड वर्षाच्या नर जिराफापुढे राय या धान्याचा पाव धरला. तो त्याच्या आवडीचा. खायला त्याने मान खाली घातली आणि त्याला गोळी घालण्यात आली. इंजेक्शन दिलं असतं तर मांस सिंहांना घालता आलं नसतं. मग लोकांसमोर, लहान मुलांसमोर, शवविच्छेदन झालं.

मारियस धडधाकट होता. उणं होतं ते वंशावळीत. युरोपातली प्राणिसंग्रहालयं १९८५पासून एकत्रितपणे पैदास करतात. प्रत्येक जनावराचे आईबाप, जन्म, स्थलांतर, मृत्यू हे सारं नोंदवहीत असतं. त्यावरून कुणाचं रक्ताचं नातं कळपातल्या कितीजणांशी आहे, हे काढतात. ज्याचे सगेसोयरे थोडे, त्याला जोडीदार आधी मिळतो. ज्याच्या भावंडांनीच भरपूर पिल्लं दिली, त्याची पाळी येत नाही. रानातून नवी जनावरं आणणं जवळपास थांबलेलं असताना हे पाळलं नाही, तर काही पिढ्यांत अख्खा कळप एकमेकांचा भाऊबंद होईल. ही भीती खरी आहे. मला तर अशा संस्थेतली सर्वांत मोलाची वस्तू ही नोंदवहीच वाटते.

मारियसला वाचवण्यासाठी हजारो लोकांनी सह्या केल्या. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर वाइल्डलाइफ पार्कने जागा देऊ केली. कोपनहेगनचं उत्तर होतं: तिथे त्याचा थोरला भाऊ आहेच, जागा असेल तर ती वेगळ्या रक्ताच्या जिराफाला द्या. संस्थेचे तेव्हाचे वैज्ञानिक संचालक बेंग्ट होल्स्ट यांचं म्हणणं असं होतं की गर्भनिरोधकांचे दुष्परिणाम होतात, शिवाय पिल्लं वाढवणं हा जनावराच्या जगण्याचाच भाग, तो हिरावून का घ्यायचा? अमेरिकेतल्या संस्थांचा कल गर्भनिरोधकांकडे. कोपनहेगनमध्ये मात्र वर्षाला २० ते ३० जनावरं अशी मारली जात, हे होल्स्ट यांनी स्वतःच सांगितलं.

हा उघडेपणा मला आदरणीय वाटतो. मुलांनी शवविच्छेदन पाहिलं, यातही वावगं दिसत नाही. सिंहाच्या पुढ्यात रोज कुणाचं तरी मांस पडतंच. खटकतं ते वेगळं. जिराफाचा गर्भ सुमारे १५ महिने वाढतो. नर झाला तर त्याला कळपात जागा नाही, हे जोडी लावतानाच ठाऊक असतं. पिल्लू लहान असेतो त्याला बघायला माणसं येतात, संस्थेची तिकिटं खपतात. म्हणजे त्याचं लहानपण वापरायचं, तारुण्य मात्र नाकारायचं. त्याच्या पुढच्या जागेची सोय जोडी लावण्याआधीच व्हायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे चंडीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आफ्रिकी आणि आशियाई सिंहांचा संकर झाला होता. ती प्रजा संवर्धनाला निरुपयोगी ठरली, तेव्हा नरांची नसबंदी केली आणि सगळ्यांना नैसर्गिक मरण येईतो पोसलं. त्यात वर्षानुवर्षं पिंजरे अडले, खर्च झाला. तरी तो मार्ग मला अधिक पटतो.

पण सगळीकडे हे इतकं सरळ नसतं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या प्राणिसंग्रहालयात २५ गिनी बबूनांसाठी बांधलेल्या आवारात चाळीसहून अधिक माकडं झाली. मारामाऱ्या वाढल्या. गर्भनिरोधकं देऊन पाहिली, ती पुरी पडली नाहीत. दुसरीकडे जागा मिळेना. जुलै २०२५मध्ये संस्थेने १२ माकडं मारली. मारियसबाबत मी धरलेला आग्रह इथे कसा लावायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.