प्लेटलेट, पोटातले बाळ आणि रोजा

प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे डेंग्यूने घरोघरी पोहोचवला. आकडा खाली गेला की पपईच्या पानांचा रस, किवी आणि नातेवाइकांचे फोन सुरू होतात. पण प्लेटलेट कमी करणारा एक आजार असाही आहे, ज्यात डासाचा काही दोष नसतो. डॉक्टर त्याला आयटीपी म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना परके समजून नष्ट करते. तरुण वयात तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, म्हणजे नेमका मूल होण्याच्या वयात. त्यामुळे ‘हिला बाळंतपण झेपेल का?’ ही कुजबुज अनेक घरांत चालते. अशी स्त्री गरोदर असताना रमजान आला, तर तिच्यापुढे रोजाचाही प्रश्न उभा राहतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. बहुतेकींना झेपते. मात्र प्रसूतितज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी आधीपासून मिळून लक्ष ठेवावे लागते.

निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. गरोदरपणात 100 पैकी 5 ते 10 जणींचा आकडा दीड लाखाखाली उतरतो. बहुतेकींच्या बाबतीत ते निरुपद्रवी असते आणि बाळंतपणानंतर आपोआप भरून येते. पहिल्या तीन महिन्यांतच आकडा लाखाच्या खाली गेला, तर आयटीपीची शंका घेतात. शेवटच्या महिन्यांत वाढलेल्या रक्तदाबासोबत तो घसरला, तर ती वेगळीच आणि तातडीची बाब असते.

आकडा 30,000 च्या वर असेल आणि रक्तस्राव नसेल, तर बहुधा नियमित तपासण्यांवर भागते. त्याखाली गेला, किंवा नाका-हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. त्यांनी भागले नाही तर इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. ते महाग असते आणि त्याचा परिणाम काही आठवडेच टिकतो. बाहेरून प्लेटलेट चढवल्या तर शरीर त्याही नष्ट करते, म्हणून तो उपाय आणीबाणीपुरता. अंगदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन मात्र हिने टाळलीच पाहिजे.

प्रसूतीच्या वेळी आकडा 50,000 च्या वर असावा, आणि पाठीत भूल द्यायची तर 70,000 च्या आसपास तरी, असे सर्वसाधारणपणे मानतात. केवळ आयटीपी आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही.

बाळाचे काय? 1950 साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या अंगात घेतले. काही तासांत त्याच्याच प्लेटलेट कोसळल्या. दोष रुग्णाच्या रक्तातच फिरतो, हे त्यातून दिसले. तोच दोष, म्हणजे प्लेटलेटविरोधी प्रतिपिंडे, नाळेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. साधारण दहातल्या एका बाळाचा आकडा 50,000 च्या खाली येतो. मेंदूत रक्तस्राव मात्र शंभरात एकालाही क्वचितच होतो. म्हणून व्हॅक्यूम आणि चिमट्याने ओढणे टाळतात आणि जन्मताच नाळेतील रक्त तपासतात. बाळाचा आकडा सर्वांत खाली जातो तो दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच घरच्यांना सुटीची घाई असते.

आता रोजाचे. आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्येच आहे. आईला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल, तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीलाही रोजा सोडण्याची मुभा आहे. नंतर रोजे भरून काढायचे, म्हणजे कजा, की गरजूला जेवण द्यायचे, म्हणजे फिदिया, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ते आपल्या मौलानांना विचारावे. पण रोजा झेपेल की नाही, हे डॉक्टरला विचारायचे आहे.

अडचण मसल्यात कमी आणि घरात जास्त असते. सगळे रोजेदार असताना दुपारी ताट वाढून घ्यायला सुनेला लाज वाटते. मग ती कुणाला न सांगता गोळी चुकवते, किंवा दोन वेळच्या गोळ्या सहेरीलाच एकदम घेते. प्रेडनिसोलोन असे मनाने बदलणे किंवा एकदम बंद करणे धोक्याचे आहे. या गोळीने रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढू शकतो. त्यात दिवसभर पाणी नाही आणि इफ्तारला गोड शरबत. सासूने किंवा नवऱ्याने दुपारी स्वतःहून तिचे ताट वाढले, तर निम्मे काम होते.

सवलत असूनही डॉक्टरांच्या संमतीने कुणी रोजा धरलाच, तर तपासणीसाठी रक्त दिल्याने तो तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. तेव्हा त्या कारणाने तपासणी पुढे ढकलू नये. ईदच्या दिवशी लॅब बंद असण्याची शक्यता असते. त्या आठवड्यातले रक्त चाँदरातीच्या आधीच देऊन ठेवावे आणि रिपोर्ट लगेच डॉक्टरांना दाखवावा.